नेलआजीचा सोमवार

आमच्या आईच्या हातून आयुष्यात वस्तू फारशा बिघडल्या नाहीत. दूध उतू गेलं नाही, कपबशी फुटली नाही, शिवणाची सुई मोडली नाही. हे ती स्वतःच येताजाता सांगत असल्यामुळे आमच्या घरात त्याबद्दल दुमत नव्हतं. बिघडली ती एकच वस्तू, आणि तीही दुसऱ्याची. परवा इथल्या पापाकुरा उपनगरातल्या इंडियन दुकानात चिंचेची पाकिटं शेल्फभर रचलेली दिसली आणि मी ट्रॉली धरून तिथेच उभी राहिले. नात बरोबर होती. "आजी, आर यू ओके?" म्हणाली. मी म्हटलं, "हो गं, चिंच बघतेय." तिने खांदे उडवले आणि फोनमध्ये डोकं घातलं. चिंचेत एवढं बघण्यासारखं काय असतं हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं की मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो. म्हणून लिहून ठेवते, वाचेल तेव्हा वाचेल.

आम्ही सांगलीहून क्राइस्टचर्चला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा डॉक्टर, भूल देणारे. "मी लोकांना झोपवतो आणि तुझी आई सगळ्यांना जागं ठेवते," असं तेच म्हणत. रिकार्टनमध्ये आम्हाला भाड्याने मिळालेलं घर लाकडाचं होतं. चाललं की बोलायचं, वारा सुटला की कण्हायचं, आणि थंडीत सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी यायची. आता रिकार्टनला गेलं तर कढीपत्त्यापासून कुकरच्या रिंगपर्यंत सगळं मिळतं; युनिव्हर्सिटीतली पुण्या-मुंबईची मुलं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत येतात आणि मिसळ मसाला कुठल्या रॅकवर आहे ते विचारतात. तेव्हा कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, पाव, दूध, बटाटे आणि टोमॅटो सॉस मिळायचं, त्यापुढे काही मागितलं की दुकानदार आस्थेने आमची चौकशी करायचा. आईने निघताना हळद, गोडा मसाला आणि चिंचेचा एक गोळा बांधून आणला होता, मीठ लावून थापलेला, चांगला नारळाएवढा. तो विमानतळावरून कसा सुटला हे मला आजही कळलेलं नाही. आईचं म्हणणं, त्या साहेबाला हे काय आहे ते विचारायचीच भीती वाटली असणार. तो गोळा संपला की चिंच संपली, इतका साधा हिशेब होता. म्हणून आमटीत चिंचेऐवजी रुबार्ब पडू लागला. रुबार्ब म्हणजे अळूच्या देठासारखे लालसर, आंबटढाण देठ. बाबा पहिल्या दिवशी वाटीत बघत म्हणाले, "आमटी छान झालीये, फक्त आमटी नाही." पण खाल्ली, आणि पुढे तिचीच सवय झाली.

हा रुबार्ब कुंपणावरून यायचा, नेलआजीकडून. नेलआजी म्हणजे आमच्या शेजारच्या घरात एकटी राहणारी ऐंशीच्या पुढची बाई. उंच, सडसडीत, पुरुषी कोट घालून वाफ्यात काम करणारी. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे तिला नुसतं नेल म्हणत. आईला ते जमेना. एवढ्या मोठ्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे काय! तिने दुसऱ्याच दिवशी 'नेलआजी' सुरू केलं. आजी म्हणजे ग्रँडमदर, हे मी समजावल्यावर म्हातारी म्हणाली, "बरं झालं. मधला त्रास वाचला." आईचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि नेलआजीचं मराठी शून्य, त्यामुळे दोघींच्या मध्ये मी. ती बोलायची इंग्रजीतच, पण इतक्या वर्षांनी मला तिचं बोलणं मराठीतच ऐकू येतं.

शाळा सुटली की शिरा नाहीतर बिनमिरचीचे पोहे घेऊन मी तिच्याकडे जायची. तिच्या घराचा वास अजून नाकात आहे: कोळशाचा धूर, लोकर आणि चहात बुडवलेली आल्याची बिस्किटं. बैठकीत भिंतीतल्या शेगडीत कोळसा धुमसत असायचा, घड्याळ टकटक करायचं, आणि शेगडीच्या वर, भिंतीवर, दाराच्या अर्ध्या फळीएवढं एक काळं चित्र होतं. पहिल्यांदा मला ते चित्र वाटलंच नाही. गाडीच्या गॅरेजमधलं एखादं फडकं जाड पिवळट चौकटीत बसवावं तसं ते दिसत होतं. पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांचा कोळशाचा धूर त्याने गिळला होता.

"वडिलांचं आहे," नेलआजी म्हणाली. "नाव, सोमवार."

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खाटकाचं नाव, शिंप्याचं नाव, काचेवर सोनेरी अक्षरं. हे पोटाचं काम. आणि सुट्टी मिळेल त्या दिवशी ते शहरातल्या गल्ल्या रंगवायचे. त्या काळात इथे चित्र म्हणजे डोंगर. बर्फाचा डोंगर, त्याच्या खाली तळं, तळ्यात पुन्हा तोच डोंगर. लोकांना तेच हवं असायचं. आणि हा माणूस ट्रामची वाट बघणारी माणसं रंगवायचा, पायरीवर बसून पाव खाणारे गवंडी रंगवायचा, मासळीबाजारात हात पुसणारी बाई रंगवायचा. शेजारी हसायचे, गटार कोण भिंतीवर लावणार म्हणायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, नेलआजी मोठ्या तोऱ्यात सांगायची: "डोंगर उद्याही तिथेच असतो. माणसं संध्याकाळी घरी जातात." बाकीची चित्रं कुठे कुठे गेली होती. एक तर एका दुकानदाराने साफ करून देतो म्हणून नेलं आणि त्यातल्या माणसाचं तोंडच पुसून आणलं. तेव्हापासून 'सोमवार'ला कुणी बोट लावायचं नाही, हा तिच्या घरातला कायदा होता.

तिचे डोळे जात होते. मधोमध राखाडी डाग आणि कडेकडेने थोडं उजेडाचं, असं तिला दिसायचं. म्हणून समोरच्याकडे बघायचं असलं की ती मान वळवून भलतीकडे बघायची. आईला आधी वाटलं, म्हातारी आपल्यावर रुसली आहे. मला तिने पहिल्या आठवड्यातच कामाला लावलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग, स्टुलावर चढायचं आणि चित्रात काय आहे ते सांगायचं.

मी म्हटलं, "खूप छान चित्र आहे."

"छान राहू दे. माणसं काय करताहेत ते सांग."

"एक बाई कपडे वाळत घालतेय. ती सुंदर..."

"ती कशी दिसते ते मला नको. काय करतेय? कुठला हात वर आहे? तोंडात काय आहे?"

तोंडात? मी भिंग जवळ नेलं. काळ्या धुरकट थराखाली बाईच्या ओठांवर दोन करडे फटकारे होते, बस्स. मी स्टुलावरून उतरले, दोन पावलं मागे गेले आणि टॉर्च मारला. ते कपड्यांचे चिमटे होते! बाईने दोन चिमटे दातात धरले होते, दोन्ही हात ओल्या चादरीत गुंतलेले होते, आणि कुणीतरी तिच्याशी बोलत होतं म्हणून ती चिमट्यांसकट हसत होती. जवळ गेलं की नुसता रंग, मागे आलं की बाई. मी दहा वेळा पुढेमागे केलं असेल. माझ्या माहितीतली चित्रं म्हणजे कॅलेंडरवरची लक्ष्मी आणि बँकेतला ताजमहाल. तोंडात चिमटे धरलेल्या बाईचं चित्र काढायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी आले तर मागच्या अंगणात आई साडीवर बाबांचा स्वेटर चढवून कपडे काढत होती, आणि तिच्या दातांत दोन चिमटे होते. मी दारातच थांबले. रोजची आई, रोजचे कपडे, आणि मला ते बघून भरून आलं. आई चिमट्यांमागून करवादली, "उभी काय राहिलीस ठोंब्यासारखी, टोपली आण!"

तर असे आमचे दुपारचे तास सुरू झाले. महिन्याभरात मला ती गल्ली पाठ झाली. कामगारांच्या घरांची मागची बाजू, दोऱ्यांवर दोऱ्या; सोमवार हा तेव्हा इथे घरोघरी धुण्याचा वार. एक बाई तांब्याच्या हंड्यातून वाफाळती चादर काठीने उचलत होती. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे बंबच की! गोऱ्यांच्याही बायकांच्या कमरेचे काटे ढिले झालेले दिसतायत." एक माणूस मागच्या पायरीवर बसून, खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होता आणि त्याच्या डोक्यावर कुणाच्या तरी पायमोज्यांचं पाणी ठिबकत होतं. दुधाच्या गाडीचा घोडा एका चादरीचा कोपरा चघळत होता आणि अजून ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. एकीने कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवली होती. तिच्याकडे बघून माझीच पाठ दुखायची. डाव्या कडेला, अगदी चौकटीला टेकून, मळकट कापडाचं एक टोक होतं. नेलआजी मला फिरून फिरून तिथे आणायची.

"ते काय आहे?"

"धुणंच असेल. चादरीचं टोक."

"दोरी आहे तिथे?"

दोरी नव्हती. मग ते कापड कशावर वाळत होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

चित्रात अकरा बायका होत्या. नेलआजी मला त्या पुन्हा पुन्हा मोजायला लावायची आणि दर वेळी अकराच भरायच्या. एके दिवशी मी वैतागून विचारलं, बारावी कुठून येणार? तेव्हा तिने सांगितलं.

तिची आई ती पाच वर्षांची व्हायच्या आत गेली. फोटो एकही नाही. तेव्हा पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात फोटो कोण काढणार? पण ह्या चित्रात आई होती आणि नेलही होती, असं तिला पक्कं आठवत होतं. थंड फरशीवर अनवाणी पाय, वडिलांचं "हलू नका" ओरडणं, आणि तोंडावर एक खरखरीत निळं कापड, साबणाच्या वासाचं. एवढंच. पुढे शोधायला लागली तर चित्रात आई नाही. अकरातली एकही बाई लहान मुलीजवळ उभी नव्हती. मावशी म्हणायची, तुला स्वप्न पडलं असेल. वडिलांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे. सगळा जन्म तिने त्या चित्राखाली बसून काढला होता, आणि आता डॉक्टर म्हणत होते की पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडेचा उजेडही जाईल.

"तुझे डोळे तरुण आहेत," ती म्हणाली. "धुराखाली कुठेतरी आहे ती. मला दाखव आणि मग खुशाल सगळं काळं होऊ दे."

तेरा वर्षांच्या मुलीवर हे ओझं टाकायचं होतं का, असं आज मला वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही. मी टॉर्चचे सेल संपेपर्यंत शोधायची. रात्री डोळे मिटले की ती गल्लीच समोर यायची, आणि सकाळी शाळेला जाताना बसस्टॉपवरची माणसं, दुधाच्या बाटल्या ठेवणारा माणूस, केस विंचरत पळणारी नर्स, सगळे त्या गल्लीतून निघून आल्यासारखे दिसायचे. पण बारावी बाई काही दिसेना.

मग दिवाळी आली. इकडे ती वसंतात येते. चेरीला फुलं, आणि डोंगराकडून येणारा तो गरम वारा, ज्यात सगळ्यांची डोकी दुखतात. आईने कॉफीच्या यंत्रात चकलीची भाजणी दळली, यंत्राला धाप लावली, घर धुतलं, आणि मग कंबर कसून कुंपणापलीकडे बघितलं. शेजारच्या घरात जळमटं ठेवून आपण दिवे कसे लावायचे, हा तिचा सवाल होता. नेलआजीची डोळ्यांची तपासणी होती त्या दिवशी. बाबा तिला गाडीतून घेऊन गेले आणि आई, बादली, झाडू आणि मी तिच्या घरात शिरलो.

दोन तासांत घर ओळखू येईना. मग आई शेगडीसमोर उभी राहिली.

"आई, चित्राला हात लावायचा नाही."

"कोण लावतंय? पण ही पितळेची चौकट बघ कशी काळवंडलीये! देवघरातल्या समया अशा असत्या तर तुझ्या आजीने मला माहेरी धाडलं असतं."

चौकटीवर पानंफुलं होती, काळ्या थराखालून पिवळी झाक मारणारी. मलाही ती पितळच वाटली. खोटं कशाला बोलू, आम्ही सोनेरी चौकट देवळातल्या मखरापलीकडे पाहिलेली नव्हती, आणि आमच्या घरात पिवळं चमकतं ते पितळ असायचं. मी म्हटलं, लिंबू आणू? आईने मान हलवली. लिंबाला चिंचेची सर नाही. ती घरी गेली आणि त्या गोळ्यातला, आमटीलासुद्धा न मिळणारा, लिंबाएवढा लचका तोडून कोमट पाण्यात भिजवून, वर मीठ घालून घेऊन आली. मी बघतच राहिले. आई चिंच खर्च करते आहे म्हणजे नेलआजी आता आमच्या घरची झाली, हे मला त्या वाटीवरून कळलं.

दोघींनी मिळून चित्र उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. आईने डाव्या बाजूच्या कोपऱ्यावर चिंचेचा चोथा घासला. काळं निघालं आणि खालून लखलखीत सोनं उजळलं. "बघ!" आई म्हणाली. तिने आणखी जोर लावला. आता फडक्यावर सोनं आलं. मग पांढरं, खडूच्या पिठासारखं काहीतरी ओघळू लागलं, आणि एक अख्खं पान आईच्या हातात आलं. ते धातूचं नव्हतं. लाकडावर खडू आणि सरसाचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी आईच्या तोंडून हजारदा ऐकली होती. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही, नुसती मटकन खाली बसली. वीतभर चौकट खरबरीत पांढरी पडली होती. ओलाव्याने कोपऱ्याचा सांधा सुटला आणि चौकट डगडगायला लागली.

"पाणी चित्राला लागेल," मी ओरडले. आईने लगेच उठून चौकट धरली, मी चित्र मागून ओढलं, आणि ते एकदम सुटून माझ्या अंगावर आलं. मागे चिकटवलेला तपकिरी कागद टरकन फाटला.

आधी मी पुढची बाजू बघितली, कुठे ओरखडा गेला का म्हणून. आणि मग बघतच राहिले. चौकटीच्या आतल्या कडेखाली जी बोटभर पट्टी झाकलेली होती, तिथे धूर पोचलाच नव्हता. चित्राच्या तिन्ही बाजूंनी, वर, खाली आणि उजवीकडे, ती पट्टी जशीच्या तशी होती, काल रंगवल्यासारखी. आभाळ निळं होतं! मी नेलआजीला इतके महिने सांगत होते की ढगाळ दिवस आहे. कडेच्या चादरीचा कोपरा इतका पांढरा होता की डोळे बारीक करावे लागले, फरशीवर कोवळं ऊन होतं, आणि धुण्याच्या पाण्याच्या ओघळात त्या आभाळाची निळी रेघ पडली होती. गटारात आभाळ! तो सबंध सोमवार उन्हाचा होता. कोळसा जाळत जाळत आपण सगळ्यांनी त्याच्यावर पावसाळा आणून ठेवला होता, आणि खाली तो माणूस पाऊणशे वर्षं ऊन धरून बसला होता. माझ्या अंगावर काटा आला. आजही, हे लिहिताना, हाताकडे बघितलं तर तो आहे.

"मंजू," आई हळूच म्हणाली. ती चित्राच्या मागे उभी होती. "इकडे ये."

डावीकडे तशी पट्टी नव्हतीच. तिथे चित्र संपत नव्हतं. कॅनव्हास ज्या लाकडी पट्ट्यांवर ताणला होता, त्यांच्यावरून मागे वळला होता. वीतभर तुकडा मागे दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता, रंगाची बाजू बाहेर, आणि त्यावर तपकिरी कागद. पुढून दिसणारं ते मळकट टोक लाकडाच्या जाडीवरून मागे गेलं होतं आणि मागे ते निळं होतं. एका बाईच्या एप्रनचं टोक होतं ते.

आई पदराने हात पुसत राहिली. मग बाहेर गाडीचं दार वाजलं.

"आधी चौकटीचं सांगायचं," आई म्हणाली. "मी बिघडवली ते मी सांगणार. मग तू तुझं सांग."

"आई, पण हे आधी सांगितलं तर ती चौकटीचं विसरून..."

"म्हणूनच आधी चौकटीचं."

नेलआजी बाबांच्या हाताला धरून आत आली. बाबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. डोळ्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, "नेलआजी, आय डिड बॅड थिंग. युवर फ्रेम, आय थिंक ब्रास. आय वॉश. नाऊ स्पॉइल." आणि ते सुटलेलं पान तिच्या हातात ठेवलं.

नेलआजीने ते अंगठ्याने चाचपलं. तिचा चेहरा आखडला. "हा वर्ख वडिलांनी स्वतः लावला होता," ती म्हणाली. "ती आईच्या आरशाची चौकट आहे. आई गेल्यावर आरसा काढून त्यांनी त्यात चित्र बसवलं." मी ते आईला मराठीत सांगितलं. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने खाली मान घातली, पण जागची हलली नाही. बाबा खिशात हात घालून उभे होते, आणि घड्याळ टकटकत होतं.

आरशाची चौकट चित्राला लहान पडली म्हणून एक बाजू दुमडावी लागली, की ती बाजू बघवेना म्हणून तीच दुमडली, हे मी पुढे आयुष्यभर स्वतःला विचारलं आहे. बाजू तर उजवीही दुमडता आली असती. पण बायको गेलेल्या माणसाच्या हातांना काय सुचत असेल, ते मला माझे यजमान गेल्यावर थोडंसं कळलं. मी त्यांचा चष्मा अजून टाकलेला नाही, आणि तो कपाटात कुठे आहे तेही बघत नाही.

"नेलआजी," मी म्हटलं, "बारावी बाई आहे."

ती माझ्याकडे वळली, म्हणजे मान फिरवून खिडकीकडे बघू लागली. मी आणि बाबांनी चित्र पालथं करून खिडकीजवळच्या टेबलावर घोंगडीवर ठेवलं. तिला खुर्ची दिली, हातात भिंग दिलं. ती वाकली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. "निळं," ती म्हणाली. "निळं दिसतंय मला." मग भिंग खाली ठेवून तिने टेबलाची कड धरली. "तू सांग. कशी दिसते ते नको सांगूस. ती काय करतेय?"

मी तिने शिकवल्यासारखं, एकेक करून सांगितलं.

"ती खाली वाकलीये. एक गुडघा फरशीवर टेकलाय. समोर लहान मुलगी आहे, अनवाणी, चार-एक वर्षांची. बाईचा डावा हात मुलीच्या डोक्यामागे आहे, धरून ठेवलंय तिला. उजव्या हातात एप्रनचं टोक आहे, निळ्या. त्याचा अर्धा भाग वाऱ्याने उडालाय, तो पुढे चित्रात गेलाय. आणि ती..." मला हसू आलं आणि रडूही. "ती मुलीचं नाक पुसतेय. चांगलं दाबून. मुलगी मान मागे ओढतेय, तिला नकोय ते. आणि बाई मुलीकडे बघतच नाहीये. वर बघतेय, चित्र काढणाऱ्याकडे. म्हणतेय, थांब ना जरा, बघतोस काय."

नेलआजीने तोंडावर हात ठेवला, नाकावर आणि ओठांवर, जिथे ते खरखरीत कापड असणार तिथे.

"सर्दी झाली होती मला," ती म्हणाली.

आणि ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत. बाबांनी रुमालासाठी खिसे चाचपले. आईला सर्दीचं इंग्रजी कळलं की नाही, माहीत नाही. ती पुढे झाली, नेलआजीच्या डोक्यामागे डावा हात ठेवला आणि चिंचेने ओला झालेला पदर धरून तिचं नाक पुसलं, चांगलं दाबून. नेलआजीने मान मागे ओढली.